अश्वहृदय आणि अक्षहृदय

गोमंतकात घोड्यांच्या शर्यतीचे मैदान नाही. पणजीहून पेडण्यापर्यंत किंवा डिचोलीहून वाळपईपर्यंत कितीही हिंडले, तरी रविवारी दुपारी गळ्यात दुर्बीण अडकवून घोड्यांच्या वंशावळीवर तावातावाने बोलणारी माणसे आपल्याला भेटणार नाहीत. तरीसुद्धा घोडा आणि पैज या दोन्ही गोष्टी आपल्या मातीला परक्या नाहीत. फरक एवढाच की, आपल्याकडे त्या निरनिराळ्या ठिकाणी नांदल्या. घोडा शिगम्यात आला, पैज जत्रेत बसली. त्या दोघींची गाठ आपल्या माणसांना पडली ती मुंबईत, महालक्ष्मीच्या मैदानावर. या गाठीविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

शिगम्याच्या दिवसांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे या महालांत घोडेमोडणी निघते. लाकडाचे कोरीव, रंगवलेले घोड्याचे तोंड, मागे सांगाडा आणि त्यावर रंगीबेरंगी वस्त्र. हे सारे कमरेला बांधून हाती तलवार घेतलेला गडी एकाच वेळी घोडाही असतो आणि स्वारही. ढोल-ताशांच्या ठेक्यावर हे घोडे पुढे सरतात, मागे हटतात, पुन्हा पुढे सरतात. राण्यांच्या आणि मराठी सरदारांच्या लढायांची ही आठवण, असे जुनी माणसे सांगत. लहानपणी मला एका गोष्टीचे नवल वाटे. इतके घोडे एकत्र असूनही त्यांतला एकही दुसऱ्याला मागे टाकत नसे. तसे करणे तिथे चुकीचेच ठरले असते, कारण ताल मोडला असता. हे घोडे पाहत वाढलेल्या माणसाला शर्यत म्हणजे काय हे समजावून घ्यायला थोडा वेळ लागतो.

पण हा लाकडी घोडा काही कल्पनेतून उतरलेला नाही. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे होते, आणि त्यांच्या फौजेबरोबर इथल्या वाटांनी खरे घोडे धावले होते. त्याहूनही मागे गेले तर गोवे बंदर म्हणजे घोड्यांची मोठी पेठच होती. होर्मुझहून अरबी आणि इराणी घोडे गलबतांतून इथे उतरत व पुढे विजयनगर आणि विजापूरकडे जात. त्यांच्यावरील जकात हा पोर्तुगीज सत्तेच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार होता. समुद्रप्रवासात जनावरे दगावत, म्हणून हा व्यापार जोखमीचा होता. फेर्नाव नुनिश या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने सोळाव्या शतकात विजयनगरची जी हकीकत लिहिली, तीत साळुव नरसिंह राजाविषयी एक गमतीची नोंद आहे. हा राजा वाटेत मेलेल्या घोड्यांचेही पैसे देई. मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली, तरी तिचे दाम जिवंत घोड्याइतकेच मिळत. घोड्यावर लावलेल्या पैशाची इतकी खात्रीची हमी त्यानंतर जगात कोणाला मिळाली असेल, असे वाटत नाही.

आता पैजेकडे वळू. नोकरीच्या निमित्ताने माझी काही वर्षे पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत गेली, आणि मूळचा मी याच भागातला. त्यामुळे जत्रा मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या. देवळासमोर पालखी फिरत असे, खाज्यांच्या दुकानांवर गर्दी असे, मध्यरात्रीनंतर दशावतारी नाटक उभे राही. आणि या सगळ्यापासून थोडे दूर, माडांच्या किंवा काजूच्या आडोशाला दिव्यांखाली जुगाराचे पट बसत. कुठे पत्ते, कुठे फाशांचा गडगडा. कायद्याने हे निषिद्ध होते. १९७६ चा सार्वजनिक जुगारविषयक कायदा सर्वांना ठाऊक होता. त्याविरुद्ध अर्ज येत, बैठका होत, कधी धाड पडे. या पटांचे समर्थन मला करायचे नाही. त्यांनी काही घरांची वर्षभराची कमाई एका रात्रीत गिळलेली मी पाहिली आहे. तथापि एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या जुगाराला उजाडायची वेळ ठरलेली होती. पहाटे दहिकाला झाला, हंडी फुटली की पट गुंडाळले जात आणि हरलेला माणूस निदान वर्षभर तरी त्या जागेपासून सुटे. आपल्या परंपरेतही कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नाव आहे. म्हणजे खेळाला एक दिवस देऊन बाकीचे दिवस त्याच्यापासून राखले होते.

मुंबईकरांचा असा दिवस म्हणजे इंडियन डर्बीचा रविवार. मुंबईतील शर्यती पूर्वी भायखळ्याच्या मैदानावर होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ साली तयार झाले, ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या कॉलफिल्ड मैदानाच्या धर्तीवर. इथली पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची ही शर्यत अलीकडे बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते आणि सुमारे अडीच मिनिटांत संपते. या अडीच मिनिटांसाठी घोड्याच्या मालकाने, प्रशिक्षकाने आणि मोतद्दाराने कित्येक वर्षे खर्ची घातलेली असतात. २०२४ मध्ये या मैदानाच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबसाठी, अशी वाटणी ठरली. शहराला मोकळ्या हवेची गरज आहे, हे खरेच. परंतु जुन्या मुंबईची ज्यांना ओढ आहे, त्यांना ही बातमी वाचून थोडे चुकल्यासारखे वाटले असेल.

मला हे मैदान दाखवले माझ्या थोरल्या मामांनी. मामा पेडण्याचे, पण चाळीस वर्षे गिरगावात राहिले आणि एका कापड गिरणीच्या कचेरीत कारकून होते. वृत्तीने काटकसरी, गणपतीला न चुकता गावी येणारे, घरातल्या मुलांना पाढे विचारणारे. असा माणूस घोड्यांवर पैसे लावतो, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत खरे वाटले नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कचेरीच्या कामासाठी मुंबईला गेलो असता डर्बीचा रविवार आला आणि मामा मला घेऊन निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी दोन पाकिटे तयार केली. एकात परतीच्या भाड्याचे आणि चहाचे पैसे, दुसऱ्यात वीस रुपये. पहिले पाकीट आतल्या खिशात गेले, दुसरे वरच्या.

त्या दुपारचा थाट मी विसरलेलो नाही. पलीकडच्या सज्जात रेशमी साड्या, मोठ्या हॅट आणि सूट. आमच्या बाजूला चुरगळलेल्या सदऱ्यांची, कानावर पेन्सिल खोवलेली गर्दी. टॅक्सीवाले, गिरणी कामगार, पारशी म्हातारे, बँकेतले कारकून. एकमेकांची ओळख नसताना सगळे एकमेकांशी जुन्या शेजाऱ्यांसारखे बोलत होते. शर्यतीपूर्वी घोडे रिंगणात फिरवतात, तिथे मामा मला घेऊन गेले. इतके देखणे जनावर मी त्यापूर्वी इतक्या जवळून पाहिले नव्हते. तुकतुकीत कातडीखाली स्नायू पाण्यावरच्या लहरींसारखे हलत होते, आणि घोड्याला आपल्या पाठीवर किती लोकांची नशिबे लादली आहेत याचा पत्ताही नव्हता.

“मामा, कुठला घोडा घेऊ?” मी विचारले.

“ज्याचे नाव उच्चारायला बरे वाटेल तो घे,” मामा म्हणाले. “पहिल्याच दिवशी अभ्यास करू लागणाऱ्याला मी ओळखतो. तो पुढच्या रविवारी पुन्हा येतो.”

मी पाच रुपये लावले. घोडे सुटले तेव्हा दूरवर रंगांचा एक ठिपका सरकताना दिसत होता. वळणावर तो फुटला, आणि घोडे सरळ रेषेत आले तेव्हा आधी जमीन हादरल्यासारखी वाटली, मग टापांचा आवाज आला, आणि त्यावर हजारो माणसांचा एकच आवाज उठला. मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो, हे मला सांगता येणार नाही. माझा घोडा मधेच कुठेतरी राहिला. मामांचा मानेइतक्या अंतराने हरला. मामांनी तिकीट नीट दुमडले, वरच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, “चल, चहा घेऊ. रेसला यायचे ते नाटकाला येतो तसे. तिकीट काढले की पैसे गेले असे समजायचे. नाटक कंपनीने एखादे वेळी तिकिटाचे पैसे परत केले, तर त्यांचा मोठेपणा.”

या वाक्यातला व्यवहार मला पुढे हिशेबाने पटला. शर्यतीत पैसे दोन प्रकारे लागतात. एक बुकीकडे, जो फळ्यावर भाव लिहितो; दुसरा टोटवर. टोटचा हिशेब सोपा आहे. सर्वांनी लावलेले पैसे एकत्र होतात, त्यांतून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा, ही वजावट शंभरास वीस आहे. तर जमावाने लावलेल्या शंभर रुपयांचे पहिल्या शर्यतीनंतर ऐंशी होतात. तेच पैसे पुन्हा लावले तर चौसष्ट, मग एक्कावन्न, मग एक्केचाळीस. पाचव्या शर्यतीअखेर जमावाच्या खिशात तेहतीस रुपये उरतात. एखादा माणूस जिंकून घरी जातो, हे खरे. पण जमाव कधीच जिंकत नाही. घोडा कोणताही पुढे आला तरी या हिशेबात बदल होत नाही. अलीकडे तर कराचा भार आणखी वाढला. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

मामा गेल्यावर त्यांचे सामान गावी आले. त्यात हिशेबाच्या वह्या होत्या. दूध, भाडे, पोस्टाची बचत, गणपतीचे प्रवासखर्च अशी प्रत्येक महिन्याची पाने होती, आणि ‘करमणूक’ या सदरात नाटकांच्या तिकिटांखाली शर्यतीचे वीस-वीस रुपये लिहिले होते. जिंकलेली रक्कम असेल तिथे ती जमेला होती. सगळ्या वर्षांची बेरीज मी केली. मामा अर्थातच तोट्यात होते, आणि तो तोटा नाटकांवर झालेल्या खर्चापेक्षा कमी होता.

कायद्याने मात्र हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कूळ, त्याचे शिक्षण, जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो, म्हणून त्यावर पैसे लावणे हा जुगार नव्हे. न्यायशास्त्राच्या दृष्टीने ही भेदरेषा समजण्यासारखी आहे. फासा काही शिकत नाही, घोडा शिकतो. पण कौशल्य घोड्याचे आणि जॉकीचे. पैसे लावणाऱ्याच्या घराला त्या कौशल्याचे संरक्षण कितपत मिळते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. कौटिल्याने या प्रश्नाकडे अधिक रोखठोकपणे पाहिले. त्याने द्यूताध्यक्ष नेमायला सांगितला, खेळ एकाच ठराविक जागी व्हावा असे बंधन घातले आणि जिंकलेल्या रकमेतून शंभरास पाच सरकारात घ्यायला सांगितले. म्हणजे त्याने खेळाचा गुण पाहिला नाही, खेळाची जागा बांधली.

गोमंतकात ही जागा बांधण्याचा इतिहास उलट दिशेने गेला. १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना परवानगी मिळाली, १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांना. पुढे मांडवीत रोषणाईची जहाजे उभी राहिली. २०२० साली गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली. पाहुण्याला जे चालते ते घरच्याला चालणार नाही, हे त्यातून मान्य झाले. पण तोवर पट बसण्यासाठी आडोशाची, मैदानाची, जहाजाची कशाचीच गरज उरली नव्हती. तो प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर बसला होता, आणि त्याला पहाट नव्हती.

निवृत्तीनंतर गावातील लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. नोकरीत इतरांचे अर्ज वाचले, आता लिहितो. गेल्या वर्षी डिचोली तालुक्यातील एक ओळखीची बाई आपल्या मुलाला घेऊन आली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा तिच्या नवऱ्याचा ट्रक अंगणात उभा राहिला, तो पुन्हा नीट रस्त्याला लागलाच नाही. मुलगा कारखान्यात नोकरीला लागला आणि घर सावरेल असे वाटत असतानाच त्याच्या फोनवरच्या खेळांनी पावणेदोन लाखांचे कर्ज करून ठेवले. तिच्या पाटल्या आधीच सोनाराकडे गेल्या होत्या. बँकेच्या हप्त्यांना मुदत मागायची होती.

“तो म्हणतो, हा जुगार नव्हे, अभ्यासाचा खेळ,” ती म्हणाली. “अभ्यास असता तर पास झाला असता ना, साहेब?”

मुलगा खाली पाहत होता. मी त्याला विचारले, सुरुवातीला किती लावायचास? पन्नास रुपये, तो म्हणाला. त्यात मजा यायची. मग एकदा दोन हजार गेले, ते परत मिळवायला पाच लावले. त्यानंतर मजा आली नाही, नुसते परत मिळवायचे होते.

इतक्या थोड्या शब्दांत जुगाराचे निदान मी कुठे वाचलेले नाही. लावलेले पैसे आणि लागणारा निकाल यांच्यामध्ये जी धाकधूक असते, तीच खेळाची खरी प्राप्ती. ती पाच रुपयांतही पुरेपूर मिळते, हे मी महालक्ष्मीला अनुभवले आहे. गेलेले परत आणण्यासाठी माणूस खेळू लागला की ती धाकधूक संपते आणि वसुली सुरू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद बाजूला ठेवला आहे. त्या बाईच्या प्रश्नाला इतक्या वर्षांनी मिळालेले ते उत्तर आहे, असे मला वाटते. तिच्या पाटल्यांच्या दृष्टीने ते उशिरा आले.

आपल्या देवळांतील कीर्तनांत नळाचे आख्यान कितीदा तरी ऐकले असेल. द्यूतात सर्वस्व हरून वनात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात. नळ फाशांत राज्य हरला, दमयंतीला अंतरला, आणि बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. नळाला अश्वहृदय, म्हणजे घोड्याचे मर्म ठाऊक होते. ऋतुपर्णाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे. विदर्भाच्या वाटेवर एका बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्णाने त्याची पाने आणि फळे क्षणात मोजून सांगितली. नळाने रथ थांबवला, फळे स्वतः मोजली, आणि मग दोघांनी विद्येच्या बदल्यात विद्या देण्याचे ठरवले. फाशांचे मर्म कळताच नळाच्या शरीरातला कली बाहेर पडला. जुन्या काळी याच बेहड्याच्या फळांचे फासे करीत, हे ध्यानात घेतले की त्या झाडाची योजना किती नेमकी आहे ते कळते.

कीर्तनकार बहुधा इथे थांबून दमयंतीच्या भेटीकडे वळतात. मला मात्र कथेचा शेवट अधिक मोलाचा वाटतो. विद्या मिळाल्यावर नळ पुष्कराकडे गेला आणि एकाच डावात राज्य परत जिंकले. तो त्यानंतर दुसरा डाव खेळला नाही. अक्षहृदय हाती असताना तो पुष्कराला कायमचा भिकारी करू शकला असता; त्याने भावाला त्याचा वाटा परत देऊन सन्मानाने घरी पाठवले. फाशांचे खरे मर्म मोजण्यात असेलच, पण त्याचा शेवटचा धडा उठण्यात आहे. वीस रुपयांचे पाकीट रिकामे झाल्यावर चहा प्यायला निघणाऱ्या माझ्या मामांना संस्कृत येत नव्हते. हा धडा मात्र त्यांना येत होता.

त्या मुलाचा अर्ज मी लिहायला घेतला. नाव, पत्ता, कर्जखाते, हप्त्याची रक्कम असे भरत भरत कारणाच्या रकान्याशी आलो. आईने हळूच सुचवले, “घरातले आजारपण लिहा, साहेब.” मी लेखणी थांबवून मुलाकडे पाहिले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. बाहेर अंगणात तो ट्रक उभा असेल, तसाच काही तरी भार त्या खोलीत उभा होता.

“नको,” मुलगा म्हणाला. “खरे तेच लिहा.”

मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि लेखणी त्याच्या हातात दिली. तो रकाना त्याने स्वतःच्या अक्षरात भरला.